पंच्याहत्तर टक्के
मुंबई विद्यापीठाचा कायदा मालवणलाही लागू. हजेरी ७५ टक्के, नाहीतर परीक्षेला बसू नका. पहाटे जेटीवर बांगड्याच्या टोपल्या उचलून संख्याशास्त्राच्या तासाला धावणारं पोर इथंच अडकतं. त्याच विषयात शिकवतात, नोंद गळाली तर का गळाली ते आधी तपासा. हे शहाणपण फळ्यापुरतंच काय?

आणि २०१७ ला साहेब, तुम्ही काय केलंत? उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा हट्ट धरलात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले. ऑक्टोबरात कुलगुरूंना काढलं. पोरांचे गेलेले महिने कोण देणार? तुमची हजेरी कोण मांडतो?

हजेरीपटात मजुरीचा रकाना घाला. तोवर आम्ही परीक्षा विभागाच्या दारात बसणार, शंभर टक्के हजेरीनं.