‘जुळवून घे’ म्हणण्यापूर्वी

आखातात मजुरीला निघालेल्या तरुणाला निरोप देताना आपण एकच उपदेश करतो : ‘तिथे जुळवून घे.’ शब्द मायेचा आहे. परंतु कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे आणि कुठवर, हे आपण कधी विचारीत नाही. या सोज्ज्वळ शब्दाविरुद्धच मला येथे तक्रार मांडायची आहे.

परकी भाषा, परके अन्न, वाळवंटातला उन्हाळा, घरच्यांचा विरह यांच्याशी जुळवून घेणे परमुलखात अटळच असते. मजूर ते करतोही. मल्याळी, नेपाळी, बांगलादेशी सोबत्यांबरोबर एका खोलीत राहून तो कामापुरती अरबी शिकतो, पाळीपाळीने स्वयंपाक करतो. ही त्याची कर्तबगारी होय. परंतु पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार तीन महिने थकलेला आणि काम कबूल केल्याहून निराळेच, याच्याशीही त्याने जुळवून घ्यावे काय? त्याला जुळवून घेणे म्हणत नाहीत. मुकाट्याने सोसणे म्हणतात.

हा मुकेपणा मजुराच्या स्वभावातून येत नाही. तो ‘कफाला’ पद्धतीतून येतो. या पद्धतीत परक्या मजुराचा तेथे राहण्याचा परवाना त्याला आणणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो. मालकाला न विचारता काम सोडले की मुक्कामच बेकायदा ठरण्याचा धोका. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली आणि २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान मूळ वेतन लागू केले. सौदी अरेबियानेही २०२१ मध्ये काही बंधने सैल केली; मात्र घरकामगारांना त्यातून वगळले. हे थोडेबहुत तरी घडले, ते मजुरांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनी आवाज उठविला म्हणून. सारेच जुळवून घेत बसते, तर एक कलमही बदलले नसते.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे मजुरांच्या इमारतीला पहाटे आग लागली. सुमारे पन्नास माणसे गेली. त्यांत चाळीसहून अधिक भारतीय होते. त्या इमारतीत दीडशेहून अधिक माणसे राहत होती. दाटीवाटीशी त्यांनी जुळवून घेतलेच होते!

‘पण पैसा येतो ना?’ असे कोणी म्हणेल. येतो. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या कित्येक घरांच्या भिंती त्या पैशाने उभ्या राहिल्या, हे मी नाकारीत नाही. परंतु जाताना काय मोजले? भारतीय नियमानुसार भरती एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. तरीही दागिने गहाण पडतात, व्याजाने रक्कम उभी केली जाते. डोक्यावर कर्ज असलेला माणूस तक्रार करीत नाही. म्हणजे त्याच्या तोंडाला पहिले कुलूप आपल्याच ओसरीवर लागते. मालक फक्त दुसरे लावतो.

गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुराने पत्करलेली कठोर अट ही राजीखुशी नसून अन्याय आहे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले होते. आखाताला ते जितके लागू आहे, तितकेच आपल्या घरांनाही.

तेव्हा, धर्मग्रामस्थहो, उपदेश बदलू या. एजंटाचा परवाना पाहा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. करारपत्र मुलाला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवू नका. दहावी न झालेल्यांसाठी आखाती देशांत जाण्यापूर्वी सरकारी मंजुरीची अट आहे. तो अडथळा नसून आधार आहे. आणि फोनवर ‘पैसे कधी पाठवतोस?’ या आधी ‘पगार मिळाला का? पासपोर्ट तुझ्याजवळ आहे का?’ हे विचारा. तो ‘नाही’ म्हणाला, तर ‘जुळवून घे’ म्हणू नका. ‘परत ये, कर्जाचे आपण मिळून पाहू’ एवढे म्हणण्याची छाती आपल्यात हवी.