संदर्भ हवा!

हल्ली आमच्या घरात एखादं विधान करायची सोय राहिलेली नाही. परवा जेवताना मी सहज म्हटलं, “आमटीत मीठ जरा कमी आहे.” लगेच आमची कन्या म्हणाली, “संदर्भ हवा!” सौभाग्यवतींनी तो शब्द आनंदानं उचलला. आता ‘विजेचं बिल कालच भरलं’ म्हटलं, तरी ‘संदर्भ?’ म्हणून हात पुढे येतो आणि मला खिसे चाचपावे लागतात.

ही थट्टा सुरू झाली त्यामागे मात्र एक गोष्ट आहे. आमचे अण्णा त्यात थोडे दुखावले गेले होते, म्हणून ती सांगतो.

आम्ही दिघीला राहतो. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याजवळ बंदर आहे ती दिघी निराळी. आमची पुण्याहून आळंदीला जाताना लागते. आमच्या दिघीला समुद्र नाही. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याकडे निघते, त्या दिवशी रस्त्यावर माणसांचा लोटतो तेवढाच.

तर गणपतीच्या सुट्टीत कन्या म्हणाली, “बाबा, मराठी विकिपीडियावर आपल्या गावाची माहिती फार त्रोटक आहे. तुम्ही एवढं लिहिता, तर दोन ओळी तिथं लिहा की!” हा ज्ञानकोश इंग्रजीत २००१ साली आणि मराठीत २००३ साली सुरू झाला. कोणीही यावं आणि लिहावं. मानधन नाही, शेवटी लेखकाचं नाव नाही. लिहिणाऱ्यांच्या गप्पांच्या जागेला तिथं ‘चावडी’ म्हणतात, हे ऐकून मला तो एकदम आपल्यातला वाटला.

मी उत्साहानं परिच्छेद लिहिला. शेवटचं वाक्य अण्णांना विचारून घातलं : ‘दिघी १९८२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली.’ दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या वाक्याच्या शेपटाला कंसात दोन शब्द चिकटलेले : ‘संदर्भ हवा’.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “मी इथं ४५ वर्षांहून अधिक काळ राहतोय. माझ्यापेक्षा मोठा संदर्भ कोणता हवा यांना?” त्या रात्री ते ताक न घेताच उठले. मलाही राग आला. कोण कुठला अनोळखी माणूस, आमच्या ८४ वर्षांच्या वडिलांकडे पुरावा मागतो!

कन्येनं मला गच्चीवर नेऊन समजावलं. “बाबा, ‘तुम्ही खोटं बोलता’ असा त्याचा अर्थ नाही. पुढं वाचणाऱ्याला खात्री करून घेता यावी, एवढंच.” मग तिनं एक गंमत सांगितली. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी असतो. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्यानं केवळ चेष्टेनं विकिपीडियावर लिहिलं, की याला ‘ब्राझीलचा आर्डवार्क’ही म्हणतात. कोणी तपासलं नाही. वर्तमानपत्रांनी ते नाव उचललं, पुस्तकात छापून आलं, आणि पुढे विकिपीडियावर त्या थापेला आधार म्हणून त्याच छापील मजकुराकडे बोट दाखवण्यात आलं. पिशवी खुंटीला टांगलेली आणि खुंटी पिशवीला! २०१४ साली हे बिंग फुटलं.

मला इतिहासाचार्य राजवाडे आठवले. बखरींतल्या ऐकीव हकिकतींवर विसंबायचं नाही, मूळ कागद पाहायचा, म्हणून हा माणूस गावोगाव दप्तरं शोधत हिंडला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे खंडांची संख्या २२ झाली. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. म्हणजे ‘संदर्भ हवा’ हे खूळ काही संगणकाबरोबर आलेलं नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी स्वतःच खाटेखालची लोखंडी ट्रंक ओढली. “घे तुझा संदर्भ!” तारेत ओवलेल्या घरपट्टीच्या पावत्या बाहेर आल्या. अण्णा एकेक सोडवून वाचू लागले आणि एका पावतीपाशी थांबले. ती १९९४ सालची होती. वर छापलं होतं : ग्रामपंचायत दिघी, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

१९८२ सालीच महापालिकेत गेलेल्या गावात १९९४ साली ग्रामपंचायत घरपट्टी कशी घेईल?

कोणी काही बोललं नाही. मग अण्णाच हळूहळू सांगू लागले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन महापालिका झाली. अण्णा तेव्हा पिंपरीला कारखान्यात होते. त्या दिवशी तिथं पेढे वाटले होते. गाव महापालिकेत गेलं ते पुष्कळ पुढे. पण मनात दोन्ही गोष्टी एकाच पेढ्याला चिकटल्या. “म्हणजे माझंच चुकलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला कसंसंच झालं. या वयात एक साल निसटलं, की माणसाला आणखी काय काय निसटलं असेल याची भीती वाटते.

मी म्हटलं, “अण्णा, साल चुकलं असेल, पण पावती जपून ठेवली कोणी?”

ते जरासे हसले.

पण घरची पावती विकिपीडियाला चालत नाही. कोणालाही पाहता येईल असं प्रसिद्ध झालेलं साधन लागतं. रविवारी आम्ही ग्रंथालयात गेलो. अण्णा हट्टानं बरोबर आले. दोन तास धूळ झाडल्यावर महापालिकेच्या एका छापील अहवालात १९९७ साली समाविष्ट झालेल्या गावांची यादी सापडली. तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, आणि त्यांच्यात आमची दिघी! अण्णांनी खिशातली डायरी काढून अहवालाचं नाव, प्रकाशक, साल आणि पान सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

रात्री कन्येनं साल दुरुस्त केलं. वाक्याच्या शेवटी एक चिमुकला आकडा उमटला, तळाशी अण्णांच्या डायरीतली ओळ जाऊन बसली आणि ते कंसातले दोन शब्द गेले. अण्णांनी ते पान तीनदा वाचलं. म्हणाले, “आता मी नसलो तरी हे वाक्य उभं राहील.”

काल फराळाच्या चकल्या झाल्या. एक तुकडा तोंडात टाकून अण्णा कन्येला म्हणाले, “छान झाल्यात, पण तुझ्या आजीच्या चकलीची सर नाही!”

कन्येनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली.