पाऊस लागण्याआधी मुलांचं कपाट उपसा

मे महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस या कामासाठी मोकळे ठेवा. ऊन कडक असतं, मुलं घरी असतात, शाळा उघडायला अवकाश असतो. एकदा पाऊस लागला की, कोकणात तर हमखास, धुतलेलं वाळत नाही आणि दमट कपड्यांवर बघता बघता बुरशी चढते.

सगळे कपडे बाहेर काढा आणि प्रत्येक कपडा मुलाच्या अंगात घालून बघा. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात दहा-बारा, पुढे वेग कमी होत जातो आणि चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक पुढच्या उन्हाळ्यातही कदाचित चालेल. सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं मात्र चालणार नाही. मुलाला हात वर करायला सांगा, उकिडवं बसायला सांगा. काखेत काचतंय का, मांडीला आवळतंय का, ते लगेच कळतं. जो कपडा मूल रोज नको म्हणतं, त्याबद्दल त्याचं ऐका. मानेशी लेबल टोचत असतं किंवा जर खुपत असते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

गणवेश सगळ्यात आधी बघा. वाढत्या अंगाचा शिवलेला असेल, तर आत मोडलेली पट्टी सोडून उंची वाढवता येते. शाळा उघडायच्या आठवड्यात टेलरला दम घ्यायला वेळ नसतो.

धाकट्यासाठी म्हणून सगळंच जपून ठेवू नका. माप आणि ऋतू दोन्ही जुळणार असतील, तरच ठेवा. थोरला डिसेंबरात एक वर्षाचा झाला आणि धाकटा मे महिन्यात होणार असेल, तर त्या मापाचं स्वेटर धाकट्याच्या अंगाला कधी लागणारच नाही. असे कपडे चार वर्षं माळ्यावर ठेवले, तर इलॅस्टिक सैल पडतं, कसर लागते, आणि धुतल्यावर न दिसलेले दुधाचे डाग पिवळे होऊन वर येतात. शिवाय धाकट्यालाही वर्षातून दोन-चार कपडे केवळ त्याच्यासाठी आणलेले मिळायला हवेत. आठवणीचे कपडे ठेवाच: बारशाची कुंची, आजीने विणलेलं टोपरं. एका पिशवीत मावतील एवढे ठेवा. फारच विटलेल्या सुती कपड्यांची गोधडी होते.

ठेवायचे कपडे स्वच्छ धुवा, खळ घालू नका, कडक उन्हात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून राहतो. जुनी उशीची खोळ किंवा सुती ओढणी बरी. वर कागद लावून वय आणि माप लिहा.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. मुलांच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. त्यातल्या अनेक गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, मुलग्यांत जास्त. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले किंवा तशा पांघरुणात गुंडाळलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बहुतेक घरांत आधी माहीतच नसते. शिवाय पांढरी गोळी लहान मुलाला गोळी-बिस्किटासारखी वाटते. कापूरही नको, तो पोटात गेला तर मुलांना झटके येतात. कडुनिंबाचा सुकवलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, ती चालू द्या, पण पुरचुंडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. खरं रक्षण मात्र स्वच्छ आणि कोरड्या कपड्यांचंच होतं.

उरलेले कपडे द्या, आणि देताना आपल्या मुलाला घातले असते अशाच स्थितीत द्या. बटणं लावा, चेन चालते का बघा, चड्डीची नाडी ओवा. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण पाठवणाऱ्यांनी कोणाला काय लागेल याचा विचार केला नव्हता. म्हणून आधी विचारा. अंगणवाडीताईंना गावातल्या कोणत्या घरात किती वयाचं मूल आहे हे ठाऊक असतं. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सरळ विचारा, गाठोडं त्यांच्या हातात कोंबू नका. त्यांना निवडू द्या.

लहान झालेली स्वेटरं मात्र आत्ता देऊ नका. घेणाऱ्यांनी गळक्या घरात ती पावसाळाभर सांभाळायची कुठे? धुऊन, मापाप्रमाणे बांधून ठेवा आणि दिवाळीच्या सुमारास काढा. तेव्हा बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांकडे निघालेली असतात. पहाटेच्या थंडीत आईबाप फडात जातात आणि लहान मुलं कोपीत, म्हणजे झोपडीत, किंवा बांधावर असतात. जवळपास या मुलांसाठीची साखर शाळा असेल तर तिथे, नाहीतर फडावर जाऊन मुलं किती आणि केवढी आहेत, ते आधी विचारून या. कानटोप्या आणि पायमोजे वेगळे बांधा, म्हणजे वाटताना शोधाशोध होणार नाही.