सीट दोन बोटं वर घ्या

मंडळी, नाशकात सायकलचं वेड किती, ते तुम्हाला सांगायला नको. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. अशा शर्यतींत उतरणारे लोक सीटची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. आणि सकाळी गंगापूर रोडने फिरायला निघणारे आपण? दुकानदाराने ज्या उंचीवर सीट आवळून दिली, तीच उंची सायकल भंगारात जाईपर्यंत!

ती उंची बहुधा कमीच असते. बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा आपला हट्ट. थांबायला सोयीचं आहे खरं, पण सायकल काय थांबण्यासाठी घेतली? सीट खाली असली की पायडल मारताना गुडघा फार दुमडतो, आणि प्रत्येक फेऱ्याला वाटीवर ताण येतो. महिनाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. मग माझ्या वयाची माणसं म्हणतात, “आता सायकल झेपत नाही हो.” डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलेला व्यायाम बंद, आणि सायकल गॅलरीत टॉवेल वाळवायला! वयाला दोष देण्याआधी एकदा पाना हातात घ्यायला काय हरकत आहे?

काहीजण मऊ जेलचं कव्हर आणून घालतात. त्याने बुडाला बरं वाटेल, गुडघ्याला नाही.

करायचं एवढंच. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा पुढचा चवडा ठेवलात की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो. चालवताना कंबर डावी-उजवी डुलत असेल किंवा गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर सीट जास्त वर गेली. सीट सपाट ठेवा. नाक खाली झुकलं तर सगळा भार मनगटांवर येतो. दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती दिसेल इतका दांडा बाहेर काढू नका. भीती वाटत असेल तर आठवड्याला अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाढवा. थांबताना सीटवरून पुढे सरकून उतरायचं. दोन दिवसांत सवय होते.

आपण मोठी माणसं आपलं बघून घेऊ. मला जास्त काळजी आहे ती शाळेत जाणाऱ्या मुलींची. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. योजना फार चांगली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगी वाढते, सीट वाढत नाही! आठवीत बसवलेली उंची दहावीत कशी पुरणार? गुडघे वर येतात, चढ लागला की उतरून ढकलत न्यावी लागते, आणि घरचे म्हणतात, “पोरीला सायकल जमत नाही, राहू दे.” शाळा लांब असली की या “राहू दे”चा अर्थ काय होतो, ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आपण दरवर्षी मुलांची उंची मोजून प्रगतिपुस्तकात लिहितो. त्याच दिवशी पटांगणात सायकली उभ्या करून प्रत्येकीला एकदा सीटवर बसवून पाहिलं तर? कपाटात एक पाना आणि तेलाची बाटली, एवढाच खर्च. आणि आवळायचं काम मुलींनाच करू द्यावं. शिपाईदादांना हाक मारू नये.