लेसर : कोणासाठी आणि किती मोलाने?

बीडहून परळीकडे जाणारी वाट आणि माजलगावहून धारूरकडे जाणारी वाट जेथे एकमेकींस भेटतात, ते तेलगाव. गावालगत सुंदरनगरला सहकारी साखर कारखाना आहे. तरीही या पंचक्रोशीतील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात, व उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडला की परततात. लेसर किरणांच्या चर्चेत तेलगावचे काय प्रयोजन, असे शहरातील वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. ज्या शहरात रस्त्याच्या प्रत्येक वळणावर ‘बिनटाका, बिनवेदना, त्याच दिवशी घरी’ अशा पाट्या झळकतात, तेथे या किरणाचे खरे मोल कळणे अवघड झाले आहे, म्हणूनच आम्ही ही चर्चा तेलगावच्या चौकातून आरंभीत आहोत.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला, आणि पुढल्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात त्या किरणाने रोग्याच्या दृष्टिपटलावरील गाठ नष्ट करण्यात आली. विज्ञानाच्या शोधाने इतक्या त्वरेने रुग्णशय्या गाठल्याची उदाहरणे विरळाच. १९६४ साली कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हे पटेल जन्माने बारामतीचे, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेले. त्यांच्या किरणाचा गुण असा की, तो शरीरातील पाण्यात तत्काळ शोषला जातो. त्यामुळे तो मांस कापतो आणि कापता कापता बारीक रक्तवाहिन्यांची तोंडेही मिटवितो. शल्यचिकित्सकास असे हत्यार हवेसे वाटले नसते तरच नवल! उसाच्या मुलखात जन्मलेल्या एका मनुष्याचे हे जगाला देणे आहे, याचा अभिमान अवश्य धरावा. पण अभिमानाने औषधाची परीक्षा होत नाही.

या परीक्षेत लेसर जेथे निर्विवाद उत्तीर्ण झाला ते क्षेत्र डोळ्याचे. मधुमेहाने दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि एके सकाळी माणूस आंधळा होऊन उठतो. दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो बारीक डाग दिल्यास अशी गंभीर दृष्टिहानी निम्म्याहून अधिक टळते, हे अमेरिकेतील सरकारी मदतीच्या मोठ्या चाचणीने १९७६ सालीच दाखविले. या उपचाराची किंमतही लपविण्याचे कारण नाही. गेलेली दृष्टी त्याने परत येत नाही. कडेचे दिसणे काहीसे उणावते, रात्री वावरणे कठीण होते. रोग्याला हे आधी सांगितले पाहिजे, कारण काही थोडे गमावून पुष्कळ राखण्याचा हा सौदा आहे आणि तो त्यानेच करावयाचा आहे. मधुमेह हा आता केवळ पेढीवर बसणाऱ्यांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असून ग्रामीण भागातही प्रमाण शेकडा ९ च्या घरात आहे.

येथे कोणी नेत्रवैद्य म्हणतील की, लेसर आता जुना झाला, डोळ्यात देण्याची नवी इंजेक्शने आली. गोष्ट खरी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांअखेर ही इंजेक्शने लेसरपेक्षा कोठेही उणी ठरली नाहीत, आणि कडेची दृष्टी त्यांनी अधिक राखली. परंतु ती पुनःपुन्हा, आरंभी तर महिन्याच्या महिन्याला, घ्यावी लागतात. फिलाडेल्फियाच्या नेत्रवैद्यांनी २०१९ साली जे रुग्ण सहा महिन्यांहून अधिक काळ तपासणीस आलेच नाहीत त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा इंजेक्शनांवर असलेल्यांचे डोळे लेसर घेतलेल्यांपेक्षा फार वाईट स्थितीत आढळले. सहा महिने! तेलगावच्या कोयत्याचा हंगाम जवळजवळ तेवढाच असतो. फडावर एक दिवस चुकला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. रोजचा पाचशे रुपयांचा खाडा पडत असल्याचे वृत्तपत्रांनी २०१९ साली छापलेच आहे. अशा माणसाला महिन्याच्या इंजेक्शनाची चिठ्ठी देणे म्हणजे त्याला आंधळेपणाची तारीख लिहून देणे होय. पुण्याच्या निवृत्त प्राध्यापकाला जे उत्तम तेच धारूर तालुक्यातील तोडकऱ्याला उत्तम असेल, असे कोणते शास्त्र सांगते? ज्याचा परिणाम एकदोन बैठकींनंतर टिकून राहतो तो ‘जुना’ लेसरच त्याचा खरा त्राता आहे.

आता मोतीबिंदू पाहा. तेथेही लेसर आहे, शहरात त्याची जाहिरात मोठी आहे, आणि दरही मोठा आहे. ‘ब्लेडविरहित’ म्हणून जी शस्त्रक्रिया विकली जाते तीत यंत्र काही आरंभीचे छेद लेसरने घेते. पुढचे काम नेहमीच्याच रीतीने होते. फ्रान्समधील पाच विद्यापीठीय रुग्णालयांत सुमारे दीड हजार डोळ्यांवर तिची तुलना नेहमीच्या पद्धतीशी करण्यात आली. २०२० साली निष्कर्ष बाहेर आला तो असा की, दृष्टीत अधिक लाभ नाही, उपद्रव कमी नाही आणि खर्च मात्र जास्त. इंग्लंडातील चाचणीनेही त्याहून निराळे सांगितले नाही. आपल्या सरकारी इस्पितळांतून लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया अल्प खर्चात वर्षानुवर्षे होत आली आहे. तिला लेसरचे नाव नाही, एवढाच तिचा अपराध!

मूतखड्याच्या बाबतीत होल्मियम लेसर पोट न फाडता खडा फोडतो, हा उघड लाभ आहे. कर्करोगावरील रसायनोपचाराने तोंड सोलून निघते, घोटभर पाणी गिळवत नाही. तेथे सौम्य लेसरचा उपयोग आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी मान्य केला आहे, आणि तंबाखूने तोंडाचे कर्करोग माजलेल्या या देशात त्याचे महत्त्व सांगावयास नको. तोच सौम्य लेसर कंबरदुखीवर रामबाण म्हणून विकला जातो, त्याला मात्र पुरेसा पुरावा नाही. मोळ्या वाहून वाकलेल्या कंबरेला विश्रांती हवी असते. ती विकणारे यंत्र अद्याप निघावयाचे आहे.

अधिक चिंतेची बाब स्त्रियांच्या उपचारांची आहे. पटेलांच्याच वायूच्या लेसरने योनिमार्गाचे ‘नवयौवन’ साधून देतो असे म्हणणारी यंत्रे निघाली, तेव्हा २०१८ च्या जुलैत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. २०२१ साली सिडनीच्या वैद्यांनी ऋतुनिवृत्तीनंतरच्या तक्रारींसाठी खरा लेसर आणि लुटुपुटीचा लेसर यांची तुलना केली. वर्षअखेर दोहोंत फरक दिसला नाही. हे शहरी श्रीमंतीचे चोचले म्हणून बीड जिल्ह्याने सोडून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. २०१९ साली शासनाच्या पाहणीत या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे उघडकीस आले. अंगावरून पांढरे जाणे यांसारख्या साध्या तक्रारींसाठी आलेल्या कित्येकींना कर्करोगाचे भय घालण्यात आले होते, हे त्या स्त्रियांनीच सांगितले. तेथे लेसर नव्हता. साधी सुरी होती. पण जी वृत्ती गरज नसलेली सुरी चालविते, तिच्या हाती उद्या गरज नसलेला किरण यावयास कितीसा वेळ?

आणि कर्करोगाचे भय खरेच दूर करावयाचे तर वाट शेजारच्याच जिल्ह्यात सापडलेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २००९ साली दाखविले की, विषाणूची एकच तपासणी केल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. बिघडू लागलेला भाग लेसरनेही जाळता येतो; पण थंड वायूच्या साध्या उपकरणाने तो खेड्यातल्या दवाखान्यात नष्ट करता येतो, आणि गर्भाशय जागच्या जागी राहते.

सर्वच डॉक्टरांवर संशय घेण्याचा आमचा हेतू नाही. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचा हप्ता दरमहा भरावा लागतो, आणि हप्त्याला रुग्ण लागतात. ही व्यवस्थाच अशी आहे की तीत सज्जनाचीही लेखणी लेसरच्या बाजूला थोडी कलते. म्हणून कोणत्या रोगाला लेसर लागतो आणि कोणत्याला नाही, हे यंत्राच्या मालकाने एकट्याने ठरवू नये. गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा जो दंडक बीडमध्ये घालण्यात आला, तो घालावयास फार उशीर झाला होता.

शासनाकडे आमची मागणी मोठी नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. दृष्टिपटलाचा लेसर तेथे वर्षभर अखंड चालावा आणि तो चालविणाऱ्या जाणकाराची जागा रिकामी राहू नये. डोळ्याच्या आतले छायाचित्र आता हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने आरोग्यसेविकाही काढू शकते; ते दूरचा तज्ज्ञ पाहू शकतो. हे कॅमेरे श्रावण-भाद्रपदात तेलगाव, धारूर, वडवणीच्या बाजारांत बसावेत, ज्यांना लेसर लागेल त्यांना दसऱ्याआत अंबाजोगाईस नेऊन आणावे, आणि त्या एकदोन दिवसांच्या मजुरीचा प्रश्न उचल देणाऱ्या मुकादमांशी नव्हे, तर ज्यांच्या गव्हाणीत तो ऊस पडतो त्या कारखान्यांशी बोलून सोडवावा. टोळ्यांच्या गाड्या एकदा हलल्या की पुढचे सहा महिने ते डोळे कोणाला सापडणार नाहीत.