मनगटावरचा मुकादम

पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि पाऊलखूण मागे राहू नये म्हणून झाडू. तो कोठून आला, कोठे चालला, त्याची सावली कोणावर पडली याची चिंता त्या व्यवस्थेला रात्रंदिवस होती. १८१८ साली पेशवाई गेली. त्यानंतर दोनशे वर्षांनी, २०१८ च्या सुमारास, दीक्षाभूमीच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. याला आम्ही केवळ योगायोग मानायला तयार नाही!

हे घड्याळ कामगाराला वेळ दाखवते, पण ते त्याच्यासाठी नसते. उपग्रहांच्या आधारे त्याचे ठिकाण ठरते आणि आतले सिमकार्ड ते कार्यालयातल्या पडद्यावर पोचवते. तेथे बसलेल्या साहेबाच्या लेखी कामगार म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. बीटाभोवती रेघ आखलेली असते. ठिपका रेघेबाहेर गेला की गैरहजर, एका जागी थांबला की कामचुकार! झाडणारी बाई पाणी प्यायला थांबली की बाळाला पाजायला, हे ठिपक्याला सांगता येत नाही. चंदीगडमध्ये या योजनेला नाव दिले होते ‘ह्यूमन एफिशियन्सी ट्रॅकिंग सिस्टीम’. २०२० मध्ये तेथील सफाई कामगार तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. घड्याळातून कोणी पाहील, ऐकेल या धास्तीने संडासलाही मोकळेपणी जाता येत नाही, ही महिला कामगारांची तक्रार होती. ती वाचून किती महापौरांना लाज वाटली?

ठावठिकाण्याचा हा धंदा आता फार मोठा झाला आहे. जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचे. नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि व्यापाऱ्यांना दार उघडले. मालाचे ट्रक, टॅक्सी, शाळेच्या बस, घरोघर जेवण पोचवणारी पोरे, सगळे त्या पडद्यावर आले. ट्रकवर नजर ठेवणे आम्ही समजू शकतो, ट्रक मालकाचा असतो. माणूस कोणाचा असतो? बरे, हे फुकटही नाही. अशी घड्याळे दरमहा भाड्याने घेतली जातात. कामगाराला हातमोजे आणि गमबूट देताना ज्यांची तिजोरी रिकामी असते, त्यांच्याकडे भाड्याला मात्र पैसे असतात.

आणि यंत्र चुकते. मोकळ्या आभाळाखाली ते काही मीटरपर्यंत बरोबर सांगते. उंच इमारतींच्या फटीत, अरुंद गल्लीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका भलत्याच गल्लीत दिसतो. म्हणजे जेथे झाडणे सर्वांत कठीण, तेथेच मजुरी कापली जाण्याची भीती जास्त. जमिनीखाली तर संदेश पोचतच नाही. गटारात गुदमरून मरणाऱ्याच्या वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. त्याला गटारात उतरवणारा ठेकेदार त्या क्षणी कोठे होता, याची नोंद कोणत्या पडद्यावर आहे?

यात नवे काही नाही. पंजाबच्या १९११ च्या आणि संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यांत परंपरागत सफाई करणाऱ्याने काम टाळले तर मॅजिस्ट्रेटपुढे दंडाची तरतूद होती. इतरांनी काम सोडले तर तो करारभंग, याने सोडले तर तो गुन्हा! बाबासाहेबांनी या कलमांवर नेमके बोट ठेवले होते. म्हणूनच त्यांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. म्हणूनच मजूरमंत्री या नात्याने त्यांच्या पुढाकारातून १९४६ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. मालकाचा हक्क कामाच्या तासांवर आहे, कामगाराच्या देहावर नाही, असा त्या दुरुस्तीचा अर्थ आम्ही घेतो.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, घड्याळाने बोगस हजेरी बंद होईल. त्यात तथ्य आहे. हजेरी लावण्यासाठी जमादाराच्या हातावर नोट ठेवणारे ऐवजदार नागपुरात कोणाला माहीत नाहीत? पण जमादाराची लाचखोरी मोडायची असेल तर घड्याळ जमादाराच्या हातात बांधा! कचरागाडीच्या ठेकेदाराच्या खेपा मोजा. चोरी वरच्या मजल्यावर आणि झडती तळमजल्यावर, हा न्याय कोठला?

कायद्याचा आधारही तोकडा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या सातव्या कलमाने नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवून दिली. कर्नाटकाने २०२५ मध्ये अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. यंत्र आपल्यावर कशी नजर ठेवते हे समजण्याचा हक्क त्यात कामगाराला आहे. झाडूवाल्याला तेवढाही का नसावा?

एक कडू गोष्ट घरच्यांनाही सांगितली पाहिजे. नागपुरात झाडू हाती असलेल्यांत वाल्मिकी, सुदर्शन, मेहतर समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. आपण त्यांना सभेला बोलावतो, पण त्यांच्या हजेरी शेडवर आपल्यापैकी किती जण जातात? घड्याळे बांधली गेली तेव्हा ती कापण्याची नाही, निदान ती समजून घेण्याची तरी बैठक आपण बोलावली का? आम्हीही त्यात कमी पडलो.

आता मागण्या तरी एकत्र कराव्यात. सुटीच्या क्षणी यंत्र बंद झाले पाहिजे. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय ठिपक्यावरून एक रुपयाही कापता कामा नये. घड्याळ असो की मोबाईलवरची हजेरी, त्या महिन्याची पूर्ण नोंद पगाराच्या चिठ्ठीसोबत मराठीत आणि हिंदीत छापून कामगाराच्या हाती पडली पाहिजे, म्हणजे जमादाराने बीटावर नसताना कोणाला हजर दाखवले आणि कोणाला गैरहजर, हे त्यालाही वाचता येईल.