ठेका मोठा, गाणं मेलं

दोस्तांनो, यंदा १४ एप्रिलला दोंडाईच्यात डीजेनं भिंती हादरल्या. भीमगीतांचे नवेकोरे अल्बम! ऐकलं काय? गाडी, गॉगल, रुबाब आणि मधेमधे जय भीम. बस्स!

मिरची खुडून हातांची आग होणाऱ्या आयाबायांची मजुरी मी ऐकलेल्या एकाही गाण्यात नाही. अडकलेली स्कॉलरशिप नाही.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) वस्त्यावस्त्यांतून गात हिंडले, अडाणी माणसाला बाबासाहेब समजावून गेले. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. शाहीर विलास घोगरेंना ते सोसलं नाही. ते शाहीर कुठं, आणि हे कुठं?

नाचा, जरूर नाचा! पण पुढल्या जयंतीला वर्गणी देण्याआधी विचारा : गाणं कुणाच्या बाजूचं?